विवर्धकाचें घेणें व देणें

मनुष्याची पारख त्याच्या घेण्यादेण्यावरून होते. विद्युत्-विवर्धकाचीही तीच गोष्ट आहे. उगमापासून तो किती प्रवाह ओढतो, हें त्याच्या आदान-संरोधावरून कळतें. आणि मागणी वाढली असतां दिलेला दाब तो कितपत टिकवितो, हें प्रदान-संरोधावरून कळतें. सामान्यतः पहिला मोठा व दुसरा लहान असावा.

याचें महत्त्व समजण्यास दूर जावयास नको. आपल्या जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. अशा संस्थांच्या रुग्णालयांतून हृदयाच्या स्पंदनांचा आलेख काढतात. त्वचेवर मिळणारा हा दाब सुमारें एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा हजारावा भाग असतो. त्वचेशीं होणाऱ्या संपर्काचा रोध १०,००० ओहम आहे असें समजा. यंत्राचा आदान-संरोधही तितकाच असेल, तर अर्धा दाब संपर्कांतच खर्ची पडेल, आलेख निम्म्या उंचीचा उमटेल आणि डॉक्टरांची फसगत होईल. तोच संरोध एक कोटि ओहम असेल, तर घट हजारांत एकच!

आतां हें मोजावें कसें? १९६८ सालीं अमेरिकेंतील फेअरचाइल्ड कंपनीनें काढलेला ७४१ क्रमांकाचा क्रियात्मक विवर्धक, म्हणजेच ऑपरेशनल अँप्लिफायर, घ्यावा. नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्यांवर तो चालतो. धन टोक शून्य दाबास जोडावें. ऋण टोकाकडे १०,००० ओहमचा रोधक व फीडबॅकच्या मार्गांत १,००,००० ओहमचा रोधक लावावा. ०.१ व्होल्ट दिला असतां उलट चिन्हाचा १ व्होल्ट मिळतो. मग उगमापुढें आणखी १०,००० ओहमचा रोधक घालावा. उत्तर अर्ध्या व्होल्टावर येतें. ज्या रोधकानें उत्तर निम्में होतें, त्याच्याइतकाच आदान-रोध. स्थिर दाबानें रोध मिळतो. प्रत्यावर्ती दाब घेतल्यास याच रीतीनें संरोधाचा अंदाज येतो. मापक प्रदानाकडेच लावावा. आदानाकडे तो स्वतःच प्रवाह ओढून मापन बिघडवितो.

हाच दाब धन टोकास देण्याची जोडणी केली, तर मध्यें १०,००० ओहम घालूनही उत्तर जवळजवळ हलत नाहीं. हृदयालेखाच्या यंत्रांत आरंभीं अशीच जोडणी कां असते, हें यावरून ध्यानांत येईल. मात्र घरीं केलेलें यंत्र कोणीही शरीरास जोडूं नये.

प्रदान-रोधासाठीं प्रथम मोकळा दाब, नंतर माहितीचा भार जोडून दाब मोजावा. दाबांतील घटीस भारावरील दाबानें भागून भारानें गुणावें. फीडबॅक असतां ७४१ चा प्रदान-रोध एक ओहमहूनही पुष्कळ कमी असल्यामुळें घट दिसतच नाहीं. भार वाढवीत जाऊन दाब निम्मा करूं पाहिल्यास सुमारें २५ मिलिअँपिअरवर विवर्धक स्वतःच प्रवाह अडवितो व उत्तर खोटें येतें. म्हणून प्रदानापुढें मुद्दाम १०० ओहमचा रोधक ठेवावा. मोकळा दाब २ व्होल्ट असतां, १,००० ओहमच्या भारानें तो १.८१८ होतो, गणितानें बरोबर १०० ओहम येतात. आतां फीडबॅकची तार त्या रोधकाच्या पलीकडून घ्यावी. घट नाहींशी होते! रोधक तेथेंच आहे. परंतु विवर्धक उणीव पाहून तितका दाब अधिक देतो.

विद्यार्थ्यांनीं सोडवावें: तार पूर्ववत् अलीकडे ठेवून भार ५०० ओहमचा केला, तर दाब किती राहील?