यंत्राचा डोळा आणि कांगारू

रात्रीची वेळ आहे. दाट झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावरून एक मोटार वेगाने चालली आहे. एकाएकी दिव्यांच्या झोतात दोन ठिपके चमकतात. ते एका हरिणाचे डोळे असतात. हरिणाच्या डोळ्यांत मागील बाजूस आरशासारखा एक पातळ पडदा असतो, म्हणून अंधुक उजेडातही त्याला दिसते. परंतु अंधारासाठी घडलेले हे डोळे मोटारीच्या प्रखर प्रकाशाने दिपून जातात आणि पळून जाण्याऐवजी ते बिचारे पुष्कळदा जागच्या जागी खिळून उभे राहते.

आता थोडे गणित करू. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर अंतर तोडते. चालकाला हरिण दिसले, हा धोका आहे हे त्याच्या मनाने ओळखले आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक-दीड सेकंद सहज निघून जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार 28 ते 42 मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावरही कोरड्या रस्त्यावर ती सुमारे 55 मीटर गेल्यावाचून थांबत नाही. दोन्ही अंतरांची बेरीज करून पाहा. मोटारीच्या खालच्या झोताचा उपयोगी प्रकाश मात्र पन्नास-साठ मीटरांपलीकडे फारसा पोहोचत नाही. तेव्हा चालक कितीही दक्ष असला, तरी हरिण वाचेलच असे म्हणता येत नाही. कधी कधी हरिणाबरोबर चालकाचेही प्राण जातात.

ही भीती स्वीडन देशातील लोकांना चांगलीच परिचयाची आहे. तेथील अरण्यांत मूस नावाचे प्रचंड हरिण राहते. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन 400 किलोग्रॅमच्याही पुढे जाते आणि एवढा देह लांबच लांब पायांवर उभा असतो. मोटारीची धडक बसते ती या पायांना. मग वरचे अवजड धड थेट चालकासमोरच्या काचेवर येऊन आदळते. म्हणून स्वीडनमधील व्होल्वो या मोटारींच्या कारखान्यातील तंत्रज्ञांनी ठरविले की, चालकाच्या जोडीला आणखी एक डोळा द्यावयाचा. हा डोळा थकणार नाही, पेंगणार नाही आणि तो एक-दीड सेकंदही वाया घालविणार नाही. 2016 साली बाजारात आलेल्या त्यांच्या मोटारींत अशी योजना होती. रस्त्यावर मूस, हरिण किंवा घोडा दिसताच ती चालकाला सावध करी आणि गरज पडल्यास स्वतःच ब्रेक लावी. मोटार पूर्ण थांबली नाही तरी लाभ मोठाच असतो. कारण वेग निम्मा झाला की आघाताची शक्ती चौथाई होते.

हा डोळा म्हणजे एक कॅमेरा आणि त्याला जोडलेला संगणक. पण कॅमेऱ्याने टिपलेले चित्र संगणकाला तुमच्या-आमच्यासारखे दिसत नाही. त्याच्या लेखी चित्र म्हणजे नुसत्या आकड्यांच्या ओळी. चित्राचे लक्षावधी बारीक चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोन किती उजळ व कोणत्या रंगाचा आहे, हे आकड्यांनी मांडलेले असते. या आकड्यांच्या गर्दीत हरिण कोठे आहे, हे ओळखावयाचे कसे? ते शिकवावे लागते. उभे असलेले, चरणारे, धावणारे, पाठमोरे, अर्धे झुडुपाआड गेलेले, पावसात भिजलेले अशा प्राण्यांची हजारो चित्रे संगणकाला दाखवितात. प्रत्येक वेळी तो उत्तर देतो आणि चुकला की त्याच्या आकडेमोडीत किंचित दुरुस्ती केली जाते. अशा असंख्य दुरुस्त्यांनंतर त्याने कधीही न पाहिलेले हरिणही त्याला ओळखता येऊ लागते.

परंतु ओळखणे हे निम्मेच काम झाले. ते हरिण किती दूर आहे, हे कळल्याखेरीज ब्रेक केव्हा लावावा हे कसे ठरणार? येथे एक साधा प्रयोग करून पाहा. सपाट मैदानासमोरच्या खिडकीपाशी उभे राहा, मान स्थिर ठेवा आणि एक डोळा मिटून चरणाऱ्या गाईंकडे पाहा. जवळच्या गाईचे पाय खिडकीच्या काचेवर खाली दिसतील, दूरच्या गाईचे पाय वर, क्षितिजाच्या बाजूस सरकलेले दिसतील. म्हणजे प्राण्याचे पाय चित्रात जमिनीला कोठे टेकले आहेत, यावरून त्याचे अंतर काढता येते. युक्ती मोठी सोपी आणि खात्रीची! मात्र तिच्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: प्राण्याचे पाय जमिनीवर असलेच पाहिजेत. स्वीडनमध्ये कोणाला त्यात शंका घेण्यासारखे काही वाटले नसेल, तर नवल नाही.

पुढे हा डोळा ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर कसा काम करतो, हे पाहण्याची वेळ आली. त्या देशात वाहनांच्या धडकेत सापडणाऱ्या मोठ्या प्राण्यांमध्ये कांगारूंची संख्या सर्वांत अधिक असते. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते चरावयास बाहेर पडतात आणि नेमके तेव्हाच रस्त्यावर पुरेसा उजेड नसतो. 2015 साली व्होल्वोचे तंत्रज्ञ कॅनबेरा या राजधानीजवळील तिडबिनबिला अभयारण्यात गेले आणि त्यांनी कांगारूंच्या हालचालींचे चित्रण केले. काम अपेक्षेहून अवघड निघाले. कांगारूमुळे आपले यंत्र गोंधळून जाते, असे 2017 साली त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

गोंधळ कसा होतो, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. कांगारू चालत नाही, उड्या मारतो. समजा, कॅमेरा जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर आहे आणि कांगारू 30 मीटर अंतरावर आहे. उडी मारताना त्याचे पाय 0.7 मीटर वर उचलले गेले. कॅमेऱ्यापासून त्या पायांवरून एक सरळ रेषा पुढे काढली, तर ती जमिनीला 60 मीटरांवर टेकते. कागदावर आकृती काढून हे पडताळून पाहा. संगणक तर पाय जमिनीवरच आहेत असे मानून चाललेला! त्यामुळे 30 मीटरांवरचा कांगारू त्याला 60 मीटरांवर वाटतो. क्षणभराने कांगारू खाली येतो आणि तोच प्राणी पुन्हा जवळ आलेला दिसतो. दूर, जवळ, पुन्हा दूर! अशा वेळी ब्रेक लावावा की न लावावा? चुकून लावला, तर मागून येणारे वाहन आदळावयाचे. न लावला, तर कांगारू गेलाच.

ही हकिकत ऐकून हसू येते खरे. पण यंत्राचा डोळा मंद होता, असे म्हणणे योग्य होणार नाही. त्याला शिकविणाऱ्यांनी जे जग पाहिले होते, तेच त्याने पाहिले. आपल्याकडील रस्त्यांसाठी हाच डोळा आणावयाचा तर त्याला रस्त्याच्या मधोमध रवंथ करीत बसलेली म्हैस, नीलगाय, गवा, रानडुक्कर यांची ओळख पटवून द्यावी लागेल. बसलेल्या म्हशीचे तर पायच दिसत नाहीत!

या अडचणीवर उपाय आहेत. आपल्याला दोन डोळे आहेत आणि त्या दोहोंना वस्तू किंचित निराळ्या जागी दिसते. तसे दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसविले, तर पाय जमिनीवर असोत वा नसोत, अंतर काढता येते. रडार हे यंत्र आपल्या लहरी वस्तूवरून परतावयास किती वेळ लागला, यावरून अंतर सांगते. आणखी एक प्रकारचा कॅमेरा प्रकाशाऐवजी शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. थंड झाडीच्या पार्श्वभूमीवर उबदार प्राणी त्याला काळोखातही स्पष्ट दिसतो.

एवढे होऊनही, वाहनच लवकर थांबणारे नसेल तर वाहनावरच्या डोळ्याचा उपयोग थोडा. धावती आगगाडी थांबावयास शेकडो मीटर लागतात. तामिळनाडूत कोइमतूरजवळील मदुक्करै येथे लोहमार्ग हत्तींच्या अरण्यातून जातो आणि 26 नोव्हेंबर 2021 रोजी रात्री तेथे गाडीखाली सापडून तीन हत्ती मरण पावले. म्हणून तेथे डोळे गाडीवर न बसविता रुळांच्या कडेला बसविले आहेत. 2024 साली सुरू झालेल्या या योजनेत 12 मनोरे असून त्यांवर साधे व उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत. झाडीत हत्ती दिसला की संगणक त्याला ओळखतो आणि तो रुळांच्या जसजसा जवळ येईल, तसतशी सूचना अधिक तातडीची होत जाते. ती सूचना वनरक्षकांना व रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना मिळते. हत्तींना रुळांपासून दूर वळविण्यासाठी वनरक्षक निघतात आणि वळणापलीकडे असलेला, हत्ती अद्याप दृष्टीसही न पडलेला गाडीचा चालक आपला वेग कमी करू लागतो.