मेण घेताना, मेण वितळवताना : घरासाठी थोडी काळजी



थंडी सुरू झाली की वस्तीतल्या आयाबायांच्या टाचा फुटतात. वीटभट्टीवर, शेतात, बांधकामावर उभे राहणाऱ्यांच्या तर जास्तच. मग कोणीतरी सांगते, "मेण आणि खोबरेल गरम करून लाव." उपाय जुना आहे आणि वाईटही नाही. पण कोणते मेण? आपल्या भाषेत मधमाशीच्या पोळ्याचेही मेण, दुकानातल्या मेणबत्तीचेही मेण. शब्द एक, वस्तू दोन. वंदनेनंतर उरलेले मेणबत्तीचे तुकडे वितळवून टाचांना लावणारी घरे आहेत, म्हणून आजचा हा विषय.

दोन मेणांतला फरक

मधमाशीचे मेण कामकरी माशीच्या पोटाखालच्या आठ ग्रंथींतून पाझरते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खावा लागतो, म्हणूनच ते महाग असते. बाजारातली साधी मेणबत्ती पॅराफिनची असते. पॅराफिन खनिज तेलापासून मिळते. मेणबत्तीत रंग, अत्तर आणि कडकपणासाठी इतर पदार्थही घातलेले असतात. ती जाळण्यासाठी बनवलेली असते, फुटलेल्या कातडीवर लावण्यासाठी नाही.

स्वस्त पॅराफिन महाग मेणात मिसळण्याचा मोह म्हणून होतो. चरबी आणि स्टिअरिनही मिसळतात. या भेसळीचा फटका मधपाळांनाही बसतो, कारण पेटीत लावायच्या फाउंडेशन शीट याच मेणाच्या असतात. 2016 साली बेल्जियममध्ये स्टिअरिन मिसळलेल्या शीटमुळे मधमाश्यांची पिल्ले मेल्याचे दिसून आले.

डोळ्यांना न दिसणारी घाण

भेसळ ही एक गोष्ट, दूषितपणा दुसरी. मेण हा स्निग्ध पदार्थ आहे. तेलात विरघळणारी रसायने ते शोषून घेते आणि वर्षानुवर्षे धरून ठेवते. युरोपियन मधमाशीच्या पेट्यांत व्हरोआ नावाच्या गोचिडासारख्या किडीसाठी फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉस अशी औषधे वापरली जातात. त्यांचा अंश मेणात उरतो. मेण वितळवून गाळले तरी तो जात नाही. आपल्या सातेरी माश्या अंगावरची ही किड बऱ्याच अंशी स्वतःच काढतात, त्यामुळे त्यांच्या पेट्यांत या औषधांची गरज कमी पडते. पण आसपासच्या बागेत फवारणी झाली असेल, तर कोणत्याही माशीच्या पोळ्यात तो अंश येऊ शकतो.

पालघर-बोईसर भागासाठी एक वेगळी सूचना. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा औद्योगिक पट्टा देशात सर्वात वर होता. कारखान्यांतले रिकामे ड्रम आणि डबे भंगारात स्वस्त मिळतात आणि घरोघरी पाण्याला वापरले जातात. अशा ड्रममध्ये मध, मेण किंवा पोळे कधीही ठेवू नका. ड्रम साबणाने धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन निघत नाही, आणि मेण तर ते ओढूनच घेते. पिण्याच्या पाण्यालाही असा ड्रम नको.

घरी काय तपासता येईल?

शुद्ध मेणाला मधासारखा मंद वास येतो. गार तुकडा मोडला तर मोड दाणेदार दिसतो. तळहातात थोडा वेळ दाबला की मऊ होतो, पण हात तेलकट होत नाही. रॉकेलसारखा वास, चरबीचा खवट वास किंवा साबणासारखा निसरडेपणा असेल तर घेऊ नका. वर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. जुन्या शुद्ध मेणावर ती येते. निव्वळ रंगावर जाऊ नका. नव्या पोळ्याचे मेण फिकट असते, जुन्याचे काळपट.

या खुणांनी ढोबळ भेसळ कळते, औषधाचा अंश कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. वितळण्यावरूनही खात्री होत नाही: शुद्ध मेण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते, आणि काही पॅराफिनही तेवढ्यालाच. म्हणून विकणाऱ्याला विचारा : पोळे कुठले, माशी कोणती, पेटीत औषध घातले होते का? ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हे कालाम सुत्तातून आपण शिकलोच आहोत. डहाणू-घोलवडच्या चिकूबागांत पेट्या ठेवणारे मधपाळ आहेत. ओळखीच्या मधपाळाकडून घेतलेले मेण बरे. पुण्यात खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेट्या ठेवू इच्छिणाऱ्या तरुणांनी तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करावी.

वितळवण्याची रीत

पोळे पाण्यात भिजवून धुवा. स्टीलच्या पातेल्यात पाणी घ्या, पोळे सुती कापडात बांधून त्यात सोडा आणि मंद आचेवर ठेवा. पाणी खळखळ उकळू देऊ नका. लोखंड, तांबे, पितळ वापरले तर मेणाचा रंग बिघडतो. मेण वर तरंगते. हळूहळू गार होऊ द्या, मग वडी काढून खालचा गाळ खरवडा.

मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका. पेटले तर पाणी ओतू नका, झाकण घाला आणि गॅस बंद करा. अंगावर सांडले तर भाग 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. चिकटलेले मेण ओढून काढू नका, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, दवाखाना गाठा. मुलांना पातेल्यापासून लांब ठेवा.

मलम आणि मधुमेह

एक भाग शुद्ध मेण आणि पाच भाग खोबरेल पाण्याच्या वाफेवर वितळवून गार केले की मलम होते. पूर्ण गार झाल्यावरच, धुऊन कोरड्या केलेल्या टाचांवर रात्री लावा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हा उपाय स्वतःहून करू नये. त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. मेण गरम आहे हे कळत नाही आणि पाय भाजतो. साधी भेग चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. भेगेतून रक्त, पू, सूज किंवा काळेपणा दिसला तर मधुमेह असो वा नसो, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय आठवड्यातून एकदा उजेडात पाहण्याची जबाबदारी घरातल्या तरुणांनी घ्यावी. त्याला पैसा लागत नाही.

आणि वंदनेच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे? ते वीज गेल्यावर पुन्हा पेटवायला ठेवा, टाचांना नको.