ऑर्डर वेळेवर पोचवायची, तर कामांची साखळी बांधा

महाड-पोलादपूर भागातील आपल्या कारागीर बांधवांच्या हातात हुन्नर आहे, यात शंका नाही. तक्रार असते ती वायद्याची. बहुतेक वेळा याचे कारण आळस हे नसते. एक काम दुसऱ्या कामासाठी अडलेले असते आणि ते मालकाच्या ध्यानात उशिरा येते. ऑर्डरचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे : कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, ते आधीच नोंदवून ठेवणे. आज आपण तेच समजून घेऊ.

ही पद्धत नवी नाही. 1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट या रसायन कंपनीने कारखान्याच्या कामांची अशी साखळी संगणकावर मांडली. मोठ्या कारखान्याला जे उपयोगी पडले, ते आपल्या सुतारकामाच्या दुकानालाही पडते.

उदाहरण घेऊ. पोलादपूरच्या एका गिऱ्हाइकाला मुलीच्या निकाहपूर्वी आरशाचे कपाट हवे आहे. दुकान महाडला आहे. कामे अशी :

1. माप, नक्षा व बयाणा – 1 दिवस
2. मुंबईहून प्लायवूड व सनमायका आणणे – 3 दिवस (काम 1 नंतर)
3. आरसा कापून मागवणे – 6 दिवस (काम 1 नंतर)
4. कटिंग व जोडणी – 4 दिवस (काम 2 नंतर)
5. सनमायका लावणे व सुकू देणे – 2 दिवस (काम 4 नंतर)
6. आरसा बसवणे – 1 दिवस (कामे 3 व 5 नंतर)
7. टेम्पोने पोचवून जागेवर बसवणे – 1 दिवस (काम 6 नंतर)

आता बेरीज करा. प्लायवूडच्या वाटेने 1, 3, 4, 2, 1, 1 मिळून 12 दिवस होतात. आरशाच्या वाटेने 1, 6, 1, 1 मिळून 9 दिवस. जी वाट सर्वांत लांब, तोच खरा वायदा; म्हणजे 12 दिवस. आरशाला 3 दिवसांची सवड आहे, प्लायवूडला एका दिवसाचीही नाही. पण सनमायका लावून झाल्यावर आरशाची आठवण झाली, तर तीच ऑर्डर 18 दिवसांवर जाते. माणसे तीच, मेहनत तीच. केवळ क्रम चुकल्यामुळे 6 दिवस गेले आणि कपाट निकाहनंतर पोचले.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसे भरायचे? मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर आहे. त्यात ऑर्डरसाठी एक 'प्रोजेक्ट' उघडावा, प्रत्येक कामाचे 'टास्क' करावे आणि त्या टास्कमध्ये आधीच्या कामांची नावे जोडावीत. आधीचे काम पुरे झाल्याची नोंद नसेल, तर पुढचे काम पुरे झाले असे सॉफ्टवेअर लिहू देत नाही. आधीच्या कामाची तारीख पुढे ढकलली, की त्यावर अवलंबून असलेल्या, अजून सुरू न झालेल्या कामांच्या तारखाही सरकतात. गिऱ्हाइकाला कळवायला आपल्या हाती वेळ राहतो. नेहमीच्या मालासाठी एकदा नमुना करून ठेवला, की दर वेळी नव्याने भरावे लागत नाही.

चार गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात.

पहिली : जेथे खरोखर अडते तेथेच जोड द्यावी. केवळ सवयीने एकामागून एक केली जाणारी कामे जोडली, तर ऑर्डर विनाकारण लांबते. वरची सातही कामे ओळीने लावली, तर बेरीज 18 होते.

दुसरी : सुकण्याला माणूस लागत नाही, पण वेळ लागतो. तो वेळ कामातच धरावा.

तिसरी : कामे एकमेकांवर अडकवू नयेत. गिऱ्हाईक म्हणते, माल पोचल्यावर बाकी देऊ; आपण म्हणतो, बाकी मिळाल्यावर माल पाठवू. अशी गोल जोड सॉफ्टवेअर स्वीकारत नाही आणि व्यवहारातही ती सुटत नाही. बाकीचे दोन भाग करावेत : एक माल गाडीत भरताना, दुसरा कपाट बसवल्यावर. गाठ सुटते.

चौथी : एकच मिस्त्री दोन ऑर्डरींवर असेल, तर ती अडचण कामांच्या जोडीत दिसत नाही. त्याचे दिवस वेगळे मोजावेत.

आपल्या भागात पावसाचाही हिशेब हवा. 22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच पावसात दरडी कोसळून पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाट बंद पडला. सॉफ्टवेअरला पाऊस कळत नाही, तो आपणच सांगावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात साखळीच्या शेवटी काही दिवस राखून वायदा द्यावा. प्रत्येक कामात थोडे थोडे दिवस वाढवले, तर ते कोठे खर्ची पडले हे कळत नाही.

संगणक नसला तरी अडत नाही. वहीत प्रत्येक कामापुढे 'कशानंतर?' असा एक रकाना आखावा. पुढची ऑर्डर घेताना तारीख सांगण्यापूर्वी तो रकाना भरावा आणि सर्वांत लांब वाटेची बेरीज करूनच जबान द्यावी.