कोलेस्टेरॉलची गोळी : सुरू करताना, घेताना आणि बंद करण्यापूर्वी

आरोग्यविषयक एखादा उपयुक्त विषय वार्षिक अहवालात सविस्तर मांडण्याची प्रथा आपल्या रुग्णालयाने पूर्वीपासून जपली आहे. यंदाचा विषय आम्हाला एका रुग्णाच्या फाईलने दिला. वैद्यकीय मजकूर हृदयरोग विभागाच्या डॉक्टरांनी तपासून दिलेला आहे. मांडणी व अभिप्राय प्रशासनाचे आहेत.

किराणा मालाचे छोटेसे दुकान चालविणारे, साठीच्या आतील एक गृहस्थ. त्यांची अँजिओप्लास्टी आमच्याकडेच झाली. घरी जाताना अन्य औषधांसोबत ॲटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी त्यांना लिहून दिली होती. तीन महिन्यांनी त्यांनी गावातच रक्त तपासून घेतले. कोलेस्टेरॉल उत्तम आले. रोग बरा झाला असे समजून त्यांनी ती एक गोळी बंद केली. बाकीची औषधे मात्र नेमाने चालू ठेवली. वर्ष पुरे होण्याच्या आत छातीत पुन्हा कळ येऊन त्यांना दाखल करावे लागले. ते वाचले, परंतु हृदयाची ताकद बरीच कमी झाली आणि दुकान मुलाच्या हाती द्यावे लागले. गोळी चालू असती तर दुसरा झटका आलाच नसता, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तथापि त्याची शक्यता निश्चितच कमी झाली असती.

आम्ही त्यांचे डिस्चार्ज कार्ड काढून पाहिले. त्यावर ‘कालावधी’ या रकान्यात ‘३ महिने’ असे लिहिलेले होते. डॉक्टरांचा आशय तीन महिन्यांनी तपासणीस या, असा होता. कुटुंबीयांनी अर्थ घेतला तो तीन महिन्यांचा कोर्स असा, आणि तसा अर्थ घेण्यात त्यांची काही चूक झाली असे आम्हास वाटत नाही. तो रकाना आम्हीच छापून घेतलेला होता.

या गोळीचे कार्य कसे चालते ते समजले, की ती बंद का करू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. रक्तातील बहुतांश कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, ते शरीरच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील या निर्मितीचा वेग कमी करतात. आपली गरज भागविण्यासाठी मग यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, अधिक प्रमाणात ओढून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांतच आकडा पूर्वपदावर जातो. चांगला आलेला रिपोर्ट हा चालू गोळीचा परिणाम असतो. विम्याचा हप्ता भरणे थांबविल्यावर पॉलिसीचे काय होते हे आमच्या व्यापारी देणगीदारांना आम्ही सांगावयास नको.

या औषधांचा इतिहासही रोचक आहे. जपानमधील संशोधक अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्यानंतर १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत या गटातील पहिला पदार्थ शोधला. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला मान्यता मिळाली. तरीही आकडा खाली आल्याने माणूस खरोखर जास्त जगतो का, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासाने दिले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन व निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. सुमारे साडेपाच वर्षांत औषधाविना असलेल्या गटातील शंभरांपैकी १२ जण दगावले. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ होते. शंभर माणसांमागे चार जीव, हा हिशेब आम्हाला कोणत्याही टक्केवारीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

मात्र म्हणून प्रत्येकाने ही गोळी सुरू करावी, असे मुळीच नाही. हल्ली आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१० आले की घरात धावपळ उडते आणि शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून गोळी आणली जाते. डॉक्टर केवळ त्या आकड्याकडे पाहत नाहीत. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, घराण्यातील हृदयविकार या सर्वांचा विचार करून धोका ठरवितात. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याच्या व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोक्याच्या व्यक्तीचे ७० च्या खाली आणि ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे अशा अतिधोक्याच्या रुग्णांचे ५५ च्या खाली असावे. यास्तव प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेला ‘नॉर्मल’ सर्वांना सारखा लागू होत नाही. आहार, चालणे आणि तंबाखू सोडणे यांना गोळी हा पर्याय नाही, हेही खरे. तुपाचा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलातील वडे मात्र टाळावेत.

आता सुरक्षिततेविषयी. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी केली जाते आणि गरजेनुसार साखर व थायरॉईडही पाहतात. थायरॉईडचे काम मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यामुळेही वाढते व स्नायूंचा त्रासही अधिक संभवतो; ते आधी सुधारणे इष्ट ठरते. रोसुव्हास्टॅटिन हे औषध आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात जास्त प्रमाणात साठते, म्हणून ते सहसा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएलमध्ये जेमतेम आणखी ६ टक्के घट होते. तेव्हा लवकर गुण यावा म्हणून मनाने दोन गोळ्या घेणे व्यर्थ आणि धोक्याचे. एखादे दिवशी विसर पडल्यास दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच गोळी घ्यावी. सिम्व्हास्टॅटिन रात्री घेणे योग्य; ॲटोर्वास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन कोणत्याही ठरावीक वेळी चालतात.

सर्वाधिक भीती असते ती स्नायूंच्या दुखण्याची. ही भीती निराधार नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाचे एक औषध स्नायू झिजून मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटनांमुळे २००१ मध्ये जगभरातील बाजारातून मागे घेण्यात आले. आज वापरात असलेल्या औषधांत असा गंभीर प्रकार फार विरळा आहे. पण दोन्ही मांड्या किंवा खांदे अकारण दुखू लागणे, जिना चढताना बळ न राहणे आणि विशेषतः कोऱ्या चहासारखी गडद लघवी होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालयात यावे. कावीळ झाल्यासारखे वाटल्यासही तसेच करावे.

साध्या अंगदुखीची गोष्ट निराळी. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांचा एक अभ्यास इंग्लंडमध्ये होऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. खऱ्या गोळीने जो त्रास जाणवला त्यातील ९० टक्के त्रास नकली गोळीनेही जाणवला. हे निष्कर्ष दाखविल्यावर निम्मे लोक पुन्हा औषध घेऊ लागले. त्रास खोटा होता, असा याचा अर्थ आम्ही लावत नाही, दुखत होतेच. परंतु कारण गोळीच असे गृहीत न धरता डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, वेगळ्या गटातील औषधेही उपलब्ध आहेत.

इतर औषधांशी होणारा संघर्ष हा विषय आमच्या औषध विभागाला विशेष महत्त्वाचा वाटतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, नायट्यावर सर्रास दिले जाणारे इट्राकोनाझोल, तसेच जेमफिब्रोझिल यांच्यामुळे काही स्टॅटिन औषधांचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते. त्वचेच्या डॉक्टरांना आपली हृदयाची गोळी सांगणे कोणाला सुचत नाही, आणि नेमके तेथेच ते सांगावयास हवे. पपनसाच्या कुळातील ग्रेपफ्रूटचा रसही टाळावा. गर्भवती, गर्भधारणेची इच्छा असलेल्या व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा. बहुतेकांना या काळात गोळी थांबविण्याचाच सल्ला मिळतो. काहींची रक्तातील साखर या औषधाने किंचित वाढते, परंतु ज्यांना हृदयविकाराचा धोका आहे त्यांच्या बाबतीत फायदा त्याहून पुष्कळच अधिक असतो.

देणगीदारांपुढे एक बाब स्पष्टपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. यंत्रासाठी, वॉर्डासाठी देणगी मिळते; भिंतीवर नामफलक लागतो. कसलीही तक्रार नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षे गोळी पुरविण्यासाठी देणगी मागणे आम्हालाही अवघड जाते. मा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशानुसार धर्मादाय रुग्णालये ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. आमच्याकडे तो निधी बहुतांशी दाखल रुग्णांच्या बिलांतच खर्च होतो. घरी गेलेल्या रुग्णाच्या गोळ्यांना त्यातून फारसे काही उरत नाही, आणि ज्याच्यावर मोठा खर्च करून अँजिओप्लास्टी केली तोच पैशाअभावी गोळी सोडतो. जेनेरिक स्वरूपात हे औषध स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रांतही मिळते. परंतु रोजंदारीवरील माणसाला दरमहा तेवढेही परवडेलच असे नाही.

सबब विश्वस्त मंडळाच्या संमतीने दोन बदल केले आहेत. डिस्चार्ज कार्डावरील ‘कालावधी’ हा रकाना काढून ‘पुढील तपासणी’ व ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये’ असे दोन स्वतंत्र रकाने छापले आहेत. तसेच पिवळे कार्ड असलेल्या रुग्णांना हृदयविकाराच्या जेनेरिक गोळ्या औषध विभागातून सवलतीत देण्यासाठी वेगळे खाते उघडले आहे. पावती घेताना ‘औषध साहाय्य’ असा उल्लेख केल्यास आपली देणगी या खात्यात जमा होईल. उपरोल्लेखित गृहस्थांचे पिवळे कार्डही आता तयार आहे. दर महिन्याला त्यांचा मुलगा दुकान उघडण्यापूर्वी येऊन गोळ्या घेऊन जातो.