टाकी किती गॅलनची? छोट्या बोआच्या घराचं गणित



क्षेत्रफळ आणि घनफळ यांत मुलांचा हमखास गोंधळ होतो. सूत्रं तोंडपाठ असतात, पण कुठे कोणतं वापरायचं ते कळत नाही. या गोंधळाचा त्रास एका मुक्या जिवाला कसा होतो, त्याचं उदाहरण आज पाहू.

अमेरिकेत आणि युरोपात छोट्या जातीचे बोआ साप घरी पाळतात. त्यातला केनियन सँड बोआ बराच लोकप्रिय आहे. मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, दिवसाचा बराच वेळ वाळूत पुरून बसणारा. नर साधारण दीड फुटाचा, मादी मात्र 30 इंचांपर्यंत वाढू शकते. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही कधी हट्ट धरतात, "आई, साप घेऊ या ना!" मग दुकानात पहिला प्रश्न येतो, टाकी किती गॅलनची घ्यायची?

गडबड इथेच आहे. काचेच्या टाक्या मुळात माशांसाठी, म्हणून त्या पाण्याच्या मापाने विकतात. गॅलन म्हणजे घनफळ. पण हा साप झाडावर चढणारा नाही, तो जमिनीवर जगतो. त्याला लागतं तळाचं क्षेत्रफळ.

फळ्यावर दोन टाक्या काढा. दोन्ही '20 गॅलन' नावानेच विकल्या जातात.

उंच टाकी : 24 × 12 × 16 इंच. घनफळ 4608 घन इंच, तळ 288 चौ. इंच.
लांब टाकी : 30 × 12 × 12 इंच. घनफळ 4320 घन इंच, तळ 360 चौ. इंच.

म्हणजे जिच्यात पाणी कमी मावतं, तिच्यात सापाला जागा जास्त! हे मुलांना आधी सांगू नका. गणित करताना त्यांचं त्यांना सापडू द्या, मजा त्यातच आहे.

आता पाळणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा चालतो : पेटीची लांबी + रुंदी ही सापाच्या लांबीइतकी तरी हवी. 10 गॅलनची टाकी घ्या. तळ 20 × 10 इंच. बेरीज 30. म्हणजे 30 इंची मादी नियमात बसली. पण ती सरळ होऊ शकेल का? पायथागोरसचा सिद्धांत शिकलेल्या मुलांना कर्ण काढायला लावा : √500, म्हणजे सुमारे 22.4 इंच. कोपऱ्यातून कोपऱ्यात पसरली तरी अंग दुमडलेलंच राहणार. वरच्या उंच टाकीचा कर्णही 26.8 इंचच येतो. लांब टाकीत मात्र ती भिंतीलगतही सरळ होते. माझ्या मते बेरजेचा ठोकताळा सोडून द्यावा. पेटीची लांबी पूर्ण वाढलेल्या सापाइतकी, हे किमान माप धरावं. त्याहून मोठी असेल तर उत्तमच.

लांबीचं दुसरं कारण विज्ञानाच्या तासाचं आहे. सापाचं रक्त थंड, म्हणजे शरीराचं तापमान तो जागा बदलून सांभाळतो. एका टोकाला 32 ते 35 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25 च्या आसपास, असा फरक त्याला हवा. आखूड पेटीत एक टोक तापवलं की सगळी पेटीच तापते, मग त्याने जायचं कुठे? उंची मात्र फार नको. तीन-चार इंच भुसभुशीत थर पुरता यावा आणि झाकण घट्ट बसावं, बस्स.

मोठी पेटी पण आत काहीच नाही, हेही वाईट. उघड्यावर भेदरलेला साप खाणं सोडतो. दोन्ही टोकांना लपायला जागा ठेवली की पिल्लूसुद्धा मोठ्या पेटीत निर्धास्त राहतं.

एक गोष्ट वर्गात ठणकावून सांगा. आपल्याकडचा मांडूळ याच प्रजातीतला, सँड बोआचा भाऊबंद. गुप्तधनाच्या खुळ्या समजुतींपायी त्याची तस्करी होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. त्यामुळे आपल्या वर्गात साप सुतळीचाच!

30 इंचांची सुतळी कापा, तिन्ही टाक्यांचे तळ खडूने फरशीवर आखा आणि मुलांना सुतळी सरळ ठेवून बघू द्या. चौथी टाकी घरचा अभ्यास म्हणून द्या : तळ 36 × 18 इंच. लांब टाकीपेक्षा तिचं क्षेत्रफळ किती टक्क्यांनी जास्त?