खेळाडूचा घसारा

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रात्री साडेबाराला मॅच सुरू झाली की दोन वाद हमखास होतात. पहिला, पंखा किती नंबरवर ठेवायचा. दुसरा, या क्लबांकडे एवढा पैसा येतो कुठून. दुसऱ्या वादात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. 2017 मध्ये नेमारला बार्सिलोनाकडून घेताना पॅरिसच्या पीएसजी क्लबने 22.2 कोटी युरो मोजले. "म्हणजे त्या वर्षी क्लब तेवढ्याने खड्ड्यात गेला," असं मी ठणकावून सांगितलं. मेकॅनिकलचा एक सिनियर हसला. म्हणाला, "अरे, लेथ मशीन घेतलं की सगळी किंमत पहिल्याच वर्षीच्या खर्चात टाकतोस का?"

मित्रांनो, फुटबॉलच्या धंद्याची किल्ली या एका वाक्यात आहे. खेळाडूचा करार ही क्लबची मालमत्ता. तिची किंमत कराराच्या वर्षांवर सारखी वाटायची, आपण मशीनचा घसारा काढतो तशीच. नेमारचा करार 5 वर्षांचा, म्हणजे दर वर्षी हिशेबात 4.44 कोटी युरो, अधिक पगार.

आता समजा, 50 कोटींचा खेळाडू 5 वर्षांसाठी घेतला. 3 वर्षांनी वह्यांमध्ये त्याची किंमत उरते 20 कोटी. तो 35 कोटींना विकला तर 15 कोटी नफा, आणि तो सगळा त्याच वर्षी दाखवता येतो. पण क्लबच्या अकादमीत लहानपणापासून वाढलेल्या पोराची वह्यांतली किंमत शून्य! तो विकला की आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफा. चेल्सीने 2023 मध्ये मेसन माऊंट आणि 2024 मध्ये कॉनर गॅलागर विकला, तेव्हा हे गणित फायद्याचंच होतं. ताळेबंद खूश, प्रेक्षक नाराज. याच चेल्सीने एन्झो फर्नांडेझशी साडेआठ वर्षांचा करार करून वार्षिक घसारा बारीक करून टाकला. शेवटी 2023 मध्ये युएफाला नियम करावा लागला की घसारा जास्तीत जास्त 5 वर्षांवरच वाटायचा. पळवाटा शोधण्यात आपण इंजिनिअरच हुशार असतो असं मला वाटायचं, तो गैरसमज गेला.

पण एवढी घासाघीस कशासाठी? कारण युएफाचा 'फायनान्शियल फेअर प्ले'. 2011 च्या हंगामापासून नियम असा की क्लबने साधारण आपल्या कमाईतच भागवायचं. पहिल्या दोन हंगामांत मिळून फार तर 4.5 कोटी युरो तोटा चालेल, तोही मालकाने भरून दिला तर. स्टेडियम आणि युवा अकादमीवरचा खर्च यात धरत नाहीत. ते मला योग्य वाटतं, कारण त्या गोष्टी मालक गेला तरी मागे राहतात.

आता मालक म्हणून एखादा देशच आला तर? 2008 मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या गटाने मँचेस्टर सिटी घेतला, 2011 मध्ये कतारने पीएसजी, 2021 मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने न्यूकॅसल. पीएसजीने कतारच्याच पर्यटन खात्याशी प्रचंड रकमेचा प्रायोजक करार केला. या खिशातला पैसा त्या खिशात, नाव मात्र 'उत्पन्न'. युएफाने 2014 मध्ये त्या कराराची किंमत हिशेबापुरती खाली आणली आणि 6 कोटी युरोंचा दंड ठोकला. त्यातले 4 कोटी अटींवर सोडले. सिटीलाही त्याच वेळी तेवढाच दंड झाला.

मी बराच काळ म्हणायचो, पैसा त्यांचा, उधळू देत, युएफाला काय त्याचं? माझं मत बदललं ते चीनमुळे.

चीनमध्ये राष्ट्राध्यक्षांनाच फुटबॉलची महासत्ता हवी होती, त्यामुळे कंपन्यांची रांग लागली. विजेची उपकरणं विकणारी सुनिंग ही कंपनी जिआंग्सू क्लबची मालक होती. तिने 2016 मध्ये 5 कोटी युरोंना ॲलेक्स टेक्सेरा आणला आणि त्याच वर्षी इटलीतला इंटर मिलानही विकत घेतला. एकच मालक आणि दोन क्लब, म्हणजे आपल्या लॅबमधल्या प्रयोगासारखंच झालं.

पुढे सरकारचा मूड बदलला. 2017 मध्ये नियम आला की तोट्यातल्या क्लबने महागडा परदेशी खेळाडू घेतला तर तेवढीच रक्कम युवा फुटबॉलच्या निधीत भरायची. मग क्लबच्या नावात कंपनीचं नाव नको, असा हुकूम आला. जाहिरातच गेली! त्यात सुनिंगची स्वतःची तब्येत बिघडलेली. नोव्हेंबर 2020 मध्ये जिआंग्सू चीनचा विजेता झाला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये क्लबने काम थांबवलं. चॅम्पियन टीम, साडेतीन महिन्यांत टाळं. प्रेक्षकांनी कोणाच्या नावाने ओरडायचं?

त्याच 2021 च्या मे महिन्यात इंटरने इटलीची लीग जिंकली. 2024 मध्ये सुनिंगला कर्ज फेडता आलं नाही आणि क्लब ओकट्री या सावकार कंपनीकडे गेला. पण इंटर बंद पडला नाही. तिकिटं, टीव्हीचे हक्क, शंभराहून जास्त वर्षांचा प्रेक्षक हे त्याचे स्वतःचे खांब. जिआंग्सूला मालकाची मर्जी हा एकच खांब होता.

कतार म्हणजे सुनिंग नव्हे, हे मान्य. गॅसचा पैसा लवकर आटत नाही, आणि पीएसजीने मे 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल 5-0 ने जिंकली, तीही इंटरविरुद्धच. (नेमार, मेस्सी, एम्बापे तिघंही तोवर गेलेले, हे विशेष.) पण हे मालक क्लब नफ्यासाठी चालवत नाहीत. त्यांचा हेतू जगात देशाचं नाव व्हावं हा आहे, आणि हेतू बदलायला चेंडू गोलमध्ये जावा लागत नाही. मँचेस्टर सिटीच्या गटाने 2019 मध्ये आपल्या मुंबई सिटीतही 65 टक्के हिस्सा घेतला होता, तेव्हा आम्ही होस्टेलवर पेढे वाटायच्या बेतात होतो. आज तशी बातमी आली तर मी आधी विचारीन, तिकीट काढून येणारे किती?

सिव्हिलच्या दोस्तांसाठी एक गोष्ट राहिली. ग्वांगझू एव्हरग्रांद हा चीनचा आठ वेळचा विजेता, मालक बिल्डर. एप्रिल 2020 मध्ये त्यांनी कमळाच्या आकाराच्या, एक लाख आसनांच्या स्टेडियमचा पाया घातला. बिल्डर कर्जात बुडाला आणि 2022 मध्ये ती जमीन सरकारला परत गेली. जानेवारी 2025 मध्ये, जुनी देणी न फिटल्यामुळे, क्लबही व्यावसायिक लीगमधून बाहेर पडला.