खुर्चीतल्या खुर्चीत पाच मिनिटं

प्रश्न : देवळाली कॅम्पच्या एका वाचक भगिनी नाशिकरोडला नोकरी करतात. दिवसभर संगणकासमोर बसून मान आखडते, महिनाअखेरीला झोप उडते. घरी योगासाठी वेळ मिळत नाही. ऑफिसात काही करता येईल का, असं त्या विचारतात.

उत्तर : नक्की येईल. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये नोकरदारांसाठी पाच मिनिटांचा योगाचा 'वाय-ब्रेक' आणला, तो यासाठीच. त्यात ताडासन, कटिचक्रासन, खांद्यांच्या हालचाली, नाडीशोधन, भ्रामरी आणि थोडं ध्यान येतं. सतरंजी लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत.

या भगिनींनी सुरुवात भ्रामरीने करावी. पाठ ताठ, खांदे सैल, डोळे मिटलेले. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठ मिटून, गुंजारव करत सावकाश सोडावा. ऑफिसात आवाज अगदी हळू ठेवला तरी चालतो. उच्छ्वास लांबला की नाडीचे ठोके मंदावतात, शरीराला विसावा मिळतो. रक्तदाब असेल तर श्वास रोखून धरू नये. मान गोल गरागरा फिरवू नये.

शिकायचं मात्र शिक्षकांसमोर बसून. नाशिकमध्ये 1978 पासून योग विद्या धाम आहे. संस्थापक विश्वास मंडलिक यांना 2018 मध्ये पंतप्रधान योग पुरस्कार मिळाला.

ताणाचं मूळ एकट्यावर पडलेलं दोघांचं काम असेल, तर आसनांनी ते कमी होणार नाही. ते वरिष्ठांशी स्पष्ट बोलावं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावं किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.